साठ किलोच्या आत

त्या थंडीत आमच्या घरात येणारा प्रत्येक पुरुष उपाशी असायचा, आणि तरी मला स्वयंपाक मात्र दुप्पट करावा लागायचा. हे कसं, ते मी पुढे सांगेन. आज इतक्या वर्षांनी नातीच्या उरलेल्या वहीत हे लिहायला बसले तरी तो वैताग तसाच्या तसा वर येतो, जणू अजून चुलीवर बारा माणसांचा भात आहे आणि दारातून कुणीतरी ओरडतंय, "शाले, पाणी नको दिऊ गो माका, नुसता दाखव."

आम्ही तेव्हा बहरीनला, हूरा नावाच्या वस्तीत राहायचो. पुढे आबांचं लाँड्रीचं दुकान, मधे इस्त्रीची लांब टेबलं, आणि मागे दोन खोल्या व स्वयंपाकघर. दुकान आणि घर यांच्यामध्ये भिंत नव्हती, एक जाड निळा पडदा होता. त्या पडद्याच्या अलीकडे माझं जग आणि पलीकडे सगळ्यांचं. पहाटे बॉयलर सुरू झाला की त्याची शिट्टी, मग इस्त्रीचं फसफस, मग ओल्या चादरी फरशीवर पडल्याचा धप्प आवाज, आणि दुपारच्या बांगेच्या वेळी आबा मशीन बंद करत तेव्हा येणारी ती शांतता. साबण आणि स्टार्चचा वास माझ्या पोळीभातालासुद्धा यायचा. आई गेल्यावर आबांनी मला गावाहून इथे आणलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. गावच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते, तेवढे मी केले होते. इथल्या शाळा इंग्रजी आणि महाग, त्यामुळे तो विषय पुन्हा निघालाच नाही. मी घर सांभाळू लागले. आबा, थोरला दादा आणि मी. आणि दादाच्या मागोमाग त्याचा कबड्डीचा संघ.

मी बोलायला फार लाजायचे. गिऱ्हाईक आलं आणि आबा बाहेर असले तर मी पडद्यामागूनच "नाय हत" एवढं म्हणायचे. बाजूच्या घरातली बहरीनची म्हातारी खजूर घेऊन यायची, "यल्ला बिंत, खा" म्हणायची, म्हणजे चल पोरी, खा; तिच्याशीसुद्धा मी मान हलवूनच बोलायचे. तिच्याशिवाय दुसरी बाई म्हणून त्या गल्लीत माझ्याशी बोलायला कुणी नव्हती. आमच्या ओळखीचे सगळे कोकणातले पुरुष एकटे राहणारे, सहा सहा जण एका खोलीत. कुणी ड्रायव्हर, कुणी सुतार, कुणी हॉटेलात वाढपी. साहेब लोकांच्या बायका लांब, माहूजच्या वस्तीत राहायच्या, त्या गणपतीला दिसायच्या, छान साड्या नेसून, आणि मला विचारायच्या, "कितवीत आहेस गं तू?"

तर हा संघ. दादा वसंत त्याचा कप्तान. दिवसा तो आबांची गाडी चालवायचा, हॉटेलांचे मळके कपडे आणायचा आणि धुतलेले पोचवायचा, पण त्याचा सगळा जीव शुक्रवारच्या कबड्डीत. किनाऱ्याकडे भरावाची मोकळी जागा होती, तिथे चुन्यानं रेघा मारून मैदान करायचे. गावाकडची माती तिथे कुठली, ती खारी रेती. ती कपड्यांत अशी बसायची की दोनदा धुतली तरी जायची नाही, आणि संघाचे ते पिवळे बनियन धुणार कोण, तर लाँड्रीवाल्याची मुलगी. आबांच्या मशीनमध्ये हॉटेलच्या पांढऱ्या चादरींबरोबर पिवळं काही टाकायचं नाही असा नियम होता. म्हणजे हातानं, मोरीत, ब्रशनं. बारा बनियन. लाँड्रीच्या घरात राहून दर शनिवारी मोरीत बसून हातानं कपडे धुणारी मी एकटीच असेन.

आदल्या साली सामन्यात एका गॅरेजवाल्या धिप्पाड गड्यानं पकड केली आणि बँकेतल्या एका पोराच्या गळ्याचं हाड मोडलं. तेव्हापासून सामने भरवणाऱ्या मंडळाच्या कर्णिक साहेबांनी नियम आणला: खेळणारा प्रत्येक गडी साठ किलोच्या आत हवा, आणि वजन सामन्याच्या दिवशी सकाळी करायचं. आता वजन करायचं कुठे? तर आमच्या दुकानात. हॉटेलांच्या कपड्यांची गाठोडी तोलायला आबांकडे जमिनीवर ठेवायचा मोठा लोखंडी काटा होता, दांडीवर माप सरकवायचा. हूऱ्यातच काय, पार उम्म अल हस्समच्या वस्तीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं की आबांचा काटा म्हणजे काटा. हॉटेलवाले स्वतः पुन्हा तोलायचे नाहीत. आबा आठवड्यातून एकदा त्यावर पाच किलोचं माप ठेवून बघायचे आणि फडक्यानं पुसायचे, देवाची मूर्ती पुसावी तसे.

नियम आला आणि माझ्या मागे साडेसाती लागली. इथे येऊन सगळे गडी सुटले होते. गावाकडे नांगर धरणारी माणसं इथे गाडीत बसून, हॉटेलातलं उरलेलं खाऊन गोल झाली होती. त्यातून सगळ्यांचं जेवण शुक्रवारी आमच्याकडे. मग सुरू झालं बुधवारपासून उपाशी राहणं. बुधवारी रात्री भात बंद, गुरुवारी चपाती बंद, गुरुवारी संध्याकाळपासून पाणीसुद्धा बंद. बाबी म्हणून एक गडी होता, हॉटेलात वाढपी, संघातला सगळ्यात चांगला चढाईवाला. तो गुरुवारी आमच्याकडे येऊन इस्त्रीच्या टेबलाखाली बसायचा, तिथे वाफ असते म्हणून, अंगावर प्लॅस्टिकचा रेनकोट घालून घाम काढत. दिवसभर लोकांना बिर्याणी वाढून आलेला माणूस. मी स्वयंपाकघरात कांदा परतला की तिथून कण्हायचा, "शाले, अगो पाप लागतला तुका, दार लाव!" दार कुठे होतं लावायला? पडदाच होता. आणि दर अर्ध्या तासानं एकेक जण उठून काट्यावर उभा राहायचा, दांडीवरचं माप सरकवायचा, आणि पावशेर कमी झालं की असा आनंद, जणू मुलगा झाला.

मग शुक्रवारी सकाळी वजन, दुपारी सामना, आणि सामना संपला की सगळे आमच्या घरी, दोन दिवसांची भूक घेऊन. बारा माणसं चोवीस माणसांचं जेवायची. शनिवारी पुन्हा सगळे साठच्या वर, रविवारी चिंता, सोमवारी दादाचं भाषण, बुधवारी उपास. असा तो हंगाम चालला होता. जिंकत होते, हे खरं. पण मी कधी मैदानावर गेले नाही, मला जिंकणं म्हणजे फक्त एवढंच कळायचं की पुढच्या शुक्रवारी पुन्हा बारा माणसं.

आता मूळ गोष्टीकडे येते. दादाचं लग्न ठरलं होतं. मुलगी आमच्या गावाजवळच्याच वाडीतली, सुलभा नाव. घरी पत्र आलं की वाचून दाखवायचं काम माझं, कारण आबांना हातातलं बारीक अक्षर दिसत नसे आणि दादाला बसायला वेळ नसे. सुलभाच्या वडलांच्या पत्राच्या खाली दोन ओळी तिच्या असायच्या, माझ्यासाठी. अक्षर माझ्यासारखंच, मोठं मोठं. पहिल्यांदा तिनं विचारलं, "तिकडे तुळस जगते का?" मी लिहिलं, जगते, पण सावलीत ठेवावी लागते. मग तिनं विचारलं, "येताना तुमच्यासाठी काय आणू?" ह्या प्रश्नावर मी चार दिवस विचार केला. मला कुणी काय आणू म्हणून विचारलंच नव्हतं कधी. मी लिहिलं, घावन्यांसाठी बिडाचा तवा आणा, इथल्या पातळ तव्यावर घावने चिकटतात. तिनं उलट लिहिलं, "तवा तयार करून ठेवलाय. रोज तेल लावते." त्या ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगायला आता लाज वाटते. घरात एक बाई येणार होती. मोरीत समोर बसून अर्धे बनियन ती धुणार होती. रात्री जेवणं झाल्यावर मला कुणाशी तरी बोलता येणार होतं. बोलेन की नाही ते पुढचं पुढे.

पण दादा जाईल तर ना. पहिला मुहूर्त दिवाळीनंतरचा होता, तेव्हा हंगाम सुरू होतो म्हणून दादानं पुढे ढकलला. दुसरा पौष संपल्यावरचा, तो साखळी सामन्यांसाठी गेला. "कप्तान असंय मी, कसो जाव?" तिसऱ्या वेळी सुलभाच्या वडलांचं पत्र आलं ते दोन परिच्छेदांचं होतं आणि खाली सुलभाच्या ओळी नव्हत्या. फाल्गुनातला मुहूर्त शेवटचा, त्या दिवशी मुलगा उभा राहिला नाही तर कुडाळचं स्थळ आलेलं आहे, तिकडे देऊ. मी ते वाचलं तेव्हा आबांनी पानाचा डबा बंद केला आणि दादाला म्हणाले, "ह्या रविवाराचा तिकीट काढ." दादानं काढलं. पण गुरुवारी, म्हणजे उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी, मी भांडी घासत असताना तो बाबीला सांगत होता ते मी ऐकलं: "उद्या जिंकलो तर फायनल पुढच्या शुक्रवारी. तिकीट बदलतंय. लग्न काय, आठ दिवसांनी पण होता."

हे त्याचं "आठ दिवसांनी पण होता" ऐकून माझ्या हातातला टोप मोरीत पडला. मुहूर्त म्हणजे काय ह्याला गाडीचा टायर वाटतो? मी पडद्याआडून आबांकडे पाहिलं. ते गाठोडी बांधत होते, त्यांनी ऐकलं नव्हतं. मी बाहेर जाऊन दादाला चार शब्द सुनवावेत असं वाटलं. शब्द तोंडापर्यंत आले. पण बाहेर संघाचे सात जण बसले होते, रेनकोट घालून. मी भांडी घासत राहिले.

त्या संध्याकाळी सगळ्यांनी वजनं केली. दादा पावणेसाठ. शुक्रवारी सकाळी आबा अजून आंघोळीला होते, दादा एकटाच उठून काट्यावर उभा राहिला आणि मीच माप सरकवलं. साडेएकोणसाठ. अर्धा किलो आत. तो खूश होऊन स्वयंपाकघरात येऊन बसला. तोंड सुकलेलं, डोळे आत गेलेले. चुलीवर माझी पेज शिजत होती, आबांसाठी आणि माझ्यासाठी, उकड्या तांदळाची. बाजूला निखाऱ्यावर मी खारा बांगडा भाजायला ठेवला होता. ते मी रोजच करायचे, त्यात कट काही नव्हता. दादानं वास घेतला आणि म्हणाला, "अर्धो वाडगो दी गो. पेज म्हंजे काय जेवाण नाय. आजाऱ्याक देतत ती." आमच्याकडे सगळे असंच धरतात. ताप आलेल्याला पेज, बाळंतिणीला पेज, उपास सोडताना पेज. पेज प्यायलेला माणूस "मी काहीच खाल्लं नाही" असं शपथेवर सांगतो.

पण मी लाँड्रीवाल्याची मुलगी. ओलं गाठोडं आणि कोरडं गाठोडं ह्यातला फरक रोज त्या काट्यावर बघत होते. पाण्याचं वजन किती असतं ते मला चौथीच्या पुस्तकानं नाही, चादरींनी शिकवलं होतं.

मी मोठा वाडगा घेतला. काठापर्यंत भरला. वर बांगड्याचा मधला तुकडा ठेवला, खारट, आधी पाण्यात न घातलेला. त्यानं तो घोटाघोटानं संपवला आणि डोळे मिटून बसला. मी विचारलं नाही, दुसरा भरला. तो म्हणाला, "काट्यावर बघू काय?" आयुष्यात दादाशी मी एकच खोटं बोलले आणि ते तेव्हा. म्हटलं, "काट्यार आबांनी गाठोडी ठेवलीत. दोन घासांनी काय होता?" गाठोडी ठेवलेली नव्हती. तिसरा वाडगाही गेला, आणि बांगड्यानं तहान लागली म्हणून वर दोन पेले ताक. मग तो तोंड पुसून, कुणी पाहिलं नाही ना बघत, रेनकोट घालून बाहेर गेला. कारण संघाला त्यानंच दम दिला होता, शुक्रवारी सकाळी जो पाण्याचा थेंब घेईल त्याला बाहेर बसवीन म्हणून.

नऊ वाजता दुकान भरलं. मी पडद्याला डोळा लावून उभी. कर्णिक साहेब वही घेऊन खुर्चीवर, आबा काट्याजवळ, आमचे गडी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला समोरचा संघ, उम्म अल हस्समचे, साताऱ्याकडचे ड्रायव्हर लोक, त्यांचा कप्तान तुकाराम मिशीला पीळ देत. एकेक जण चढत होता. बाबी साठला बरोब्बर टेकला आणि काट्यावरून उतरून खालीच बसला, पाय थरथरत होते त्याचे. मग दादा चढला. आबांनी माप सरकवलं, थांबले, मागे घेतलं, पुन्हा सरकवलं.

"साठ आणि पाऊण," आबा म्हणाले.

"होऊचा नाय," दादा म्हणाला.

कर्णिक साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "वसंतराव, अर्धा तास देतो. पण सिक्स्टी म्हणजे सिक्स्टी हं." दादा रेनकोटासकट गल्लीत पळाला. आम्ही सगळे त्याच्या चपलांचा आवाज ऐकत होतो, जवळ येतोय, लांब जातोय. समोरचा दुकानदार बाहेर येऊन बघू लागला की ह्याच्या मागे पोलीस लागलेत की काय. अर्ध्या तासानं दादा धापा टाकत आला आणि चढला. साठ आणि अर्धा.

तेव्हा दादानं ते वाक्य म्हटलं. सगळ्यांसमोर, आपल्या माणसांकडे बघत: "मी कालधरना कायच खावक नाय. काल पावणेसाठ होतंय, सगळ्यांनी बघितलानी. काटो बिघडलो आबांचो."

आमचे गडी लगेच उठले. होय होय, काल आम्ही पाहिलं, काटा बिघडला, दुसरीकडे वजन करा. तुकाराम हसला. "आसं व्हय? काटा रोज बदलतुय म्हणायचा. मंग काय वं आबा, हाटेलाच्या चादरी बी आशाच मोजता जनू!" त्याची माणसं खो खो हसली. चेष्टाच होती ती, मी त्याला दोष देत नाही. पण आबा हसले नाहीत. ते कोपऱ्यातलं पाच किलोचं माप घेऊन आले, काट्यावर ठेवलं, बाजूला झाले. पाच. कुणी बघितलंच नाही. सगळे ओरडत होते. आबा तिथे हातात फडकं घेऊन उभे, एकदा कर्णिक साहेबांकडे बघत, एकदा आपल्या मुलाकडे. आणि कर्णिक साहेब वहीवर पेन्सिल आपटत म्हणाले, "आबा, वाईट वाटून घेऊ नका, पण मशीन आहे, होतं असं. यापुढे आपण दुसरीकडे व्यवस्था करू."

मला इतका राग आला की तो कुणाचा ते आजही सांगता येत नाही. दादाचा, साहेबांचा, तुकारामचा, त्या पिवळ्या बनियनांचा, माझा स्वतःचा. पाच वर्षं मी पडद्यामागे होते. मी पडदा बाजूला केला. ओला हात होता, त्याचा डाग पडद्यावर राहिला, तो पुढे कितीतरी दिवस मला दिसायचा.

"काट्यात खोट नाय," मी म्हटलं.

आवाज फार बारीक आला. पण बाईचा आवाज त्या दुकानात कुणी ऐकलाच नव्हता, म्हणून सगळे गप्प झाले. मग मला मोठ्यानं बोलावंच लागलं. "दादान सकाळी पेज खाल्ल्यान. तीन वाडगे. वर खारो बांगडो. आणि ताक दोन पेले. मिया वाढलंय. खाल्ल्यावर किती होता, ता करा हिशोब. आबांच्या काट्यार बोलाचा नाय कोणी."

मग बाबी, जमिनीवर बसलेला, दोन दिवस थुंकीसुद्धा न गिळलेला, दादाकडे बघून रडवेल्या आवाजात म्हणाला, "मेल्या, बांगडो? बांगडो खाल्लंस?" आणि उम्म अल हस्समचे लोक असे हसले, असे हसले, की तुकाराम इस्त्रीच्या टेबलाला धरून उभा राहिला. हसू ओसरल्यावर त्यानं मात्र आबांच्या पायाला हात लावला. "चुकलं, आबा. काटा तुमचाच खरा." कर्णिक साहेबांनी दादाच्या नावावर रेघ मारली. दादानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेला. मी आत येऊन चुलीपुढे बसले.

संघ हरला. दोन गुणांनी. शेवटची चढाई बाबीची होती आणि त्याचा दमच पुरला नाही, असं नंतर ऐकलं. ह्या गोष्टीचं मला दादापेक्षा बाबीसाठी जास्त वाईट वाटलं, अजून वाटतं. त्याचा काही दोष नव्हता, त्याचं कुठे लग्न अडलं नव्हतं. मला वाटलं आता ही माणसं आमच्या घरी पाऊल टाकणार नाहीत. मी तेवढ्यानंच जरा हुश्श करत होते, तर संध्याकाळी सगळे दारात हजर. "शाले, हरलो ता हरलो, भूक लागली हा!" आणि उरलेली पेज टोपासकट संपवून वर भात मागितला. कपाळाला हात लावण्यापलीकडे मी काय करणार?

दादा रविवारी गावी गेला. खेळायला काही उरलं नव्हतं, तिकीट बदलायचं कारण नव्हतं. जाताना आबांच्या पाया पडला. काट्याजवळ थांबला, त्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. दीड महिन्यानं लग्न करून परत आला तेव्हाही महिनाभर माझ्याशी "मीठ दी" आणि "बनियन खय" एवढंच बोलायचा. ते मला सोयीचंच होतं, मला तरी कुठे जास्त बोलता येत होतं.

व्हिसा झाल्यावर वहिनी एकटीच विमानानं आली. आम्ही विमानतळावर उभे होतो. ती दारातून बाहेर आली ती छातीशी बिडाचा तवा धरून, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. सामान जास्त भरलं म्हणून तिकडच्या माणसानं काहीतरी काढायला सांगितलं होतं, तर तिनं साड्या काढल्या आणि तवा हातात घेतला. मला बघून म्हणाली, "शालू ना? धर. हात मोडले माझे." आम्ही त्या दिवसापासून जे बोलायला लागलो ते माझं लग्न होऊन मी गावी परत येईपर्यंत थांबलो नाही. पेजेचं मी तिला पहिल्याच आठवड्यात, मोरीत बनियन घासताना सांगितलं, मुद्दाम वाढली होती हे सुद्धा. ती साबणाच्या हातानं तोंड दाबून हसली आणि म्हणाली, कुणाला सांगणार नाही. नाही सांगितलं.

ह्या सगळ्याला आता चाळीसच्या वर वर्षं झाली. आबा गेले, दुकान गेलं. दादा आणि वहिनी कायमचे गावी आले, माझ्या घरापासून दोन वाड्या सोडून राहतात. त्या शुक्रवारनंतर दादानं पेज कधी तोंडाला लावली नाही, ताप आला तरी नाही, हे सगळ्या भावकीला माहीत आहे आणि कारण आम्हा तिघांपलीकडे कुणाला माहीत नाही. गेल्या श्रावणात त्याचं पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आठ दिवस फक्त पेज. वहिनीनं दिली तर तोंड फिरवलं, सुनेनं दिली तर झोपल्याचं सोंग केलं. शेवटी वहिनीनं मला बोलावणं पाठवलं. "तू ये आणि तुझं तूच निस्तर."

मी गेले. पेज केली, वाडग्यात ओतली, खाटेजवळ बसले. दादा वाडग्याकडे बघत राहिला. फार वाळला आहे आता, पन्नाससुद्धा भरणार नाही.

"आधी काटो आण," तो म्हणाला.

मी चमचा पुढे केला. त्यानं माझा हात धरला.

"मुद्दाम वाढलंस मां गो तेवा?"

चाळीस वर्षांत त्यानं विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. "होय," मी म्हटलं.

तो हसायला लागला. आवाज येत नव्हता, नुसतं पोट हलत होतं आणि तो पोटाला धरून होता. स्वयंपाकघरातून, त्या बिडाच्या तव्याजवळून, वहिनी ओरडली, "शालू, हसव नको गो तेका, टाके तुटतले!" मी त्याचे डोळे पुसले, माझेही पुसले. त्यानं वाडगा संपवला, अगदी तळाचा भातसुद्धा, आणि रिकामा वाडगा माझ्यापुढे धरला.

"वाढ आणखी," म्हणाला. "आता माका खय खेळाक जावचा असा."